घरगुती दप्तरांचे अंकीकरण : रुमालाची रचना आणि वर्णनपत्राचा प्रश्न

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील कित्येक जुन्या घरांत माळ्यावर किंवा फडताळात कापडात बांधून ठेवलेली कागदपत्रे आढळतात. या चौकोनी कापडाला रुमाल म्हणतात. रुमालात पुडकी असतात आणि अशा रुमालांचा समुच्चय म्हणजे त्या घराचे दप्तर. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. त्यांतील फार मोठा भाग अशा खासगी घरांतूनच मिळालेला होता. राजवाड्यांना पायपीट करून आणि हाताने नकला करून जे साधावे लागले, ते आज कॅमेरा व स्कॅनर यांमुळे एखाद्या महाविद्यालयाच्या विभागालाही शक्य झाले आहे. मात्र कागदाची प्रतिमा घेतली म्हणजे साधन जतन झाले, असा एक समज या कामाबरोबर रूढ होत आहे. प्रस्तुत लेखात तो समज तपासून पाहिला असून, अंकीकरणात कागदाचा मूळ क्रम आणि कागदाचे वर्णन यांना प्रतिमेइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व का द्यावे लागते, याचा विचार केला आहे.

रुमाल सोडण्यापूर्वी

हा विषय मला पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या चुकीतून कळला. एम.फिल.नंतरच्या पहिल्याच वर्षी आमच्या तालुक्यातील एका कुलकर्णी वतनदार घराण्याचे सात रुमाल विद्यार्थ्यांच्या साह्याने स्कॅन करण्याचे काम मी अंगावर घेतले. काम लवकर व्हावे म्हणून सर्व रुमाल एकदम सोडले. लहान कागद एका बाजूला, मोठे दुसऱ्या बाजूला, अशी मापानुसार वर्गवारी केली आणि साधारण चौदाशे प्रतिमा तयार केल्या. कागद नव्या कापडात बांधून परत दिले, तेव्हा घरातील वयोवृद्ध गृहस्थांनी विचारले, “सर, विहिरीच्या तंट्याचे पुडके यातले कुठले?” त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते पुडके आता कोठेच नव्हते. त्याचे कागद होते, पण चौदाशे कागदांत विखुरलेले.

ही केवळ गैरसोय नाही. मराठी खासगी पत्रांवर पुष्कळदा फक्त तिथी किंवा चंद्र असतो, वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच असे. अशा पत्राचा काळ ठरविण्याचे एक मुख्य साधन म्हणजे त्याच पुडक्यातील शेजारचा कागद. शेजार मोडला की पत्र अक्षरशः काळाबाहेर जाते, आणि मग प्रतिमा कितीही स्पष्ट असली तरी तिचा इतिहासलेखनास फारसा उपयोग राहत नाही.

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवरूनही हेच दिसते. यात्रेकरूच्या पूर्वजांची नावे त्यांत सापडतात, ती गाव आणि आडनाव यांच्या आधारे. वहीचा क्रम हीच तिची सूची असते. हरिद्वार येथील पंड्यांच्या वह्यांच्या सूक्ष्मचित्रफिती अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या वंशावळविषयक संस्थेने तयार केल्या आहेत. त्या पाहतानाही वाचकाला आधी आपले मूळ गाव ठाऊक असावे लागते.

म्हणून रुमाल सोडण्यापूर्वी तो जसा आहे तसा छायाचित्रित करावा, पुडक्यांना क्रमांक द्यावेत आणि एक पुडके पूर्ण झाल्याशिवाय दुसरे उघडू नये. प्रतिमेच्या नावातच रुमाल, पुडके व कागद यांचे क्रमांक यावेत. हे सांगायला अगदी साधे आहे. मला ते कोणी सांगितले नव्हते.

वर्णनपत्र

मोडी लिपीचे स्वरूप पाहता वर्णनाची निकड अधिकच जाणवते. मोडीत ओळीची शिरोरेषा बहुधा आधी आखली जाते, अक्षरे एकमेकांना जोडून येतात, शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही आणि इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला, ही मोठीच सोय आहे. परंतु त्यामुळे मोडी संगणकावर लिहिता येते, जुना कागद संगणक आपोआप वाचून देतो असे नव्हे. प्रतिमेत शब्द शोधता येत नाही; शोधता येते ते शेजारी देवनागरीत लिहिलेले वर्णन. मोडी अस्खलित वाचणारी माणसे थोडी असल्याने हे वर्णन पुढे कधीतरी करू, असे म्हणणे धोक्याचे आहे.

कालनोंदीच्या रकान्यात तर विशेष काळजी घ्यावी लागते. एकाच कागदावर शके, संवत्सर, सुहूर सन किंवा फसली यांपैकी काहीही असू शकते. पानिपतच्या रणसंग्रामाचा दिवस, म्हणजे १४ जानेवारी १७६१, हा शके १६८२ विक्रमनाम संवत्सरातील पौष महिन्यात येतो. सुहूर सनानुसार ते वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. शकात सरसकट ७८ मिळविणाऱ्याचे येथे एक वर्ष चुकते, कारण जानेवारीनंतर ७९ मिळवावे लागतात. सुहूर सन मृगापासून सुरू होत असल्याने तेथेही ५९९ की ६००, हे महिना पाहूनच ठरते. यास्तव मूळ कालोल्लेख जसाच्या तसा एका रकान्यात आणि काढलेली इसवी तारीख दुसऱ्या रकान्यात लिहावी. पहिला रकाना कायम असेल तर दुसऱ्यातील चूक पुढचा अभ्यासक दुरुस्त करू शकतो.

तांत्रिक बाजूविषयी थोडेच सांगणे पुरेसे आहे. ए-४ आकाराच्या कागदाची ४०० डीपीआयची रंगीत, न आकसलेली टिफ प्रतिमा सुमारे ४६ एमबीची होते. चौदाशे कागदांना सुमारे ६५ जीबी लागतात. तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या गावी ठेवाव्यात. सांगली, कोल्हापूर आणि चिपळूणचे पूर पाहिलेल्यांना याचे कारण सांगायला नको.

दप्तर कोणाचे?

२००३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखिताची जी व्याख्या केली होती, तीत किमान ७५ वर्षांचे वय आणि ज्ञानविषयक आशय अपेक्षित होता. फर्माने, महसुली कागद त्या व्याख्येबाहेर ठेवले होते. ग्रंथांच्या दृष्टीने हे योग्यच म्हणता येईल. पण घरगुती दप्तरातील कर्जरोखे, पावत्या, हिशेब यांना त्यात जागा नव्हती.

आणि नेमक्या याच कागदांत दप्तराच्या मालकाखेरीज इतरांचा इतिहास असतो. कुलकर्ण्याच्या रुमालात गावच्या कुंभाराचे बलुते, महारांच्या वतनाचा तंटा, एखाद्या विधवेने गहाण ठेवलेले शेत यांच्या नोंदी येतात. ज्या घरांत स्वतःचे दप्तर कधीच नव्हते, त्यांचे पूर्वज दुसऱ्याच्या रुमालात भेटतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमण्यात आली, तेव्हा मोडी वाचकांची एकाएकी गरज भासू लागली. गाव नमुना १४, शाळांची जनरल रजिस्टरे, जुनी महसुली दप्तरे यांतील एकेका ओळीवर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असू शकतो, हे त्या वेळी सर्वांनीच पाहिले. अशा प्रसंगी कागद कोठून आला हे सांगता न येणारी प्रतिमा पुरावा म्हणून लंगडी पडते.

यातून एक नाजूक प्रश्नही उद्भवतो. दप्तराच्या मालकाची लेखी संमती घेणे आवश्यकच आहे, परंतु त्यात उल्लेखिलेल्या इतर घरांचे काय? कर्ज, जातबहिष्कार यांसंबंधीचे कागद सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी गावात त्यांची चर्चा व्हावी, असे माझे मत आहे. संशोधकाच्या सोयीसाठी कोणाच्या आजोबांची नामुष्की चव्हाट्यावर आणण्याची घाई नसावी.

त्या सात रुमालांकडे दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. शेजारशेजारच्या कागदांतून कसरीने आरपार पोखरलेली छिद्रे आणि पाण्याचे डाग एकमेकांशी जुळतात, घड्याही जुळतात. त्यांच्या आधारे व त्या गृहस्थांच्या आठवणीवरून दोन रुमालांतील पुडकी बव्हंशी पुन्हा लावता आली. विहिरीच्या तंट्याचे अकरा कागद मिळाले. उरलेल्या पाच रुमालांच्या वर्णनपत्रात क्रमाच्या रकान्यात ‘मूळ क्रम अंकीकरणाच्या वेळी मोडला’ अशी नोंद माझ्या सहीनिशी केली आहे.