डी ड्राइव्हवरचा खेळ का चालत नाही?

एका संगणकाचा मदरबोर्ड निकामी झाला, पण त्यातली हार्ड डिस्क शाबूत आहे. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. तिच्यावर गणिताचे, नकाशांचे आणि निव्वळ गमतीचे असे बरेच खेळ आहेत. पडद्यावर ते सगळे दिसतात. फोल्डर जागच्या जागी आहे, खेळाचे चिन्हही तेच आहे. मात्र त्यावर दोनदा क्लिक केले की एखादा त्रोटक संदेश येतो, किंवा काहीच घडत नाही. शाळेच्या संगणक कक्षात अशा वेळी जे निदान होते ते आपल्या परिचयाचे आहे : 'डिस्क गेली, फॉर्मॅट मारा.'

हे निदान बहुधा चुकीचे असते. शिवाय उपाय असा, की तो चुकला तर मागे फिरता येत नाही. त्याच डिस्कवर चार वर्षांची गुणपत्रके आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रेही असू शकतात. म्हणून फॉर्मॅट करण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे याचा शोध कसा घ्यायचा, ते येथे पाहू. विंडोजवर चालणारा संगणक आपण डोळ्यांपुढे ठेवू. लिनक्सविषयी शेवटाकडे थोडे सांगू.

चार चौकटींचा प्रयोग

प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असे आपण विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांना सांगतो. येथे संशय दोघांवर आहे : खेळावर आणि ड्राइव्हवर. वहीत चार चौकटींचा तक्ता आखावा. न चालणारा खेळ दुसऱ्या ड्राइव्हवरून चालवून पाहावा, आणि तोच खेळ सी ड्राइव्हवर नव्याने बसवून तेथूनही पाहावा. मग एका फोल्डरात संपूर्ण मावणारा एखादा लहानसा, साधा खेळ घेऊन तोही दोन्ही ठिकाणांहून चालवावा.

साधा खेळ दुसऱ्या ड्राइव्हवरून व्यवस्थित चालला, तर ती डिस्क वाचता येते आणि तिच्यावरचे कार्यक्रमही सुरू होतात, एवढे सिद्ध झाले. मूळ खेळ सी वरूनही चालत नसेल तर डिस्क निर्दोष आहे. उदाहरणार्थ, ६४-बिट विंडोजवर १६-बिट कार्यक्रम चालतच नाहीत; विंडोज ३.१ च्या काळातला खेळ तेथे कुठल्याही ड्राइव्हवर ठेवला तरी सुरू होणार नाही. दोन्ही खेळ सी वरून चालतात आणि दुसऱ्या ड्राइव्हवरून दोन्ही अडतात, असे दिसले तरच ड्राइव्हकडे बोट दाखवावे. वरिष्ठ वर्गातले विद्यार्थी हा तक्ता पंधरा-वीस मिनिटांत भरू शकतात, आणि 'डिस्क गेली' या विधानाला पुरावा किती आहे हे त्यांचे त्यांनाच दिसते.

पडद्यावर आलेला संदेश वहीत जसाच्या तसा उतरवून घ्यावा. (मुले तो वाचण्याआधीच 'ओके' दाबून मोकळी होतात.) फाइल सापडली नाही, परवानगी नाही, अमुक डीएलएल नाही, या तीन तक्रारी पूर्णपणे वेगळ्या आहेत.

अक्षर हे नाव आहे, जागा नव्हे

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीत फ्लॉपी ड्राइव्हसाठी ए आणि बी ही अक्षरे होती. १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. तिला पुढचे अक्षर मिळाले, सी. फ्लॉपी गेली, तरी सी तेथेच राहिला. आपल्याकडे संगणक विकणारे दुकानदार एकाच डिस्कचे तीन-चार भाग पाडून देत आणि त्यांना सी, डी, ई अशी नावे पडत. त्यामुळे डी म्हणजे दुसरी डिस्क, असा समज झाला. वस्तुतः डी हा त्याच डिस्कचा भाग असेल, स्वतंत्र डिस्क असेल किंवा सीडी ड्राइव्हही असेल.

हे अक्षर डिस्कच्या अंगावर कोरलेले नसते. ते हजेरी क्रमांकासारखे असते. विद्यार्थी तोच, पण तुकडी बदलली की क्रमांक बदलतो. आणि 'सतरा नंबरला ही वही द्या' अशी जुनी चिठ्ठी नव्या वर्गात भलत्याच मुलाकडे जाते. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये हा घोटाळा फार होई. त्या काळी आधी प्रत्येक डिस्कच्या प्राथमिक भागाला अक्षर मिळे, मग उरलेल्या भागांना, आणि नंतर सीडी ड्राइव्हला. एका डिस्कवर सी आणि डी असे दोन भाग असलेल्या संगणकाला प्राथमिक भाग असलेली दुसरी डिस्क जोडली, की डी हे अक्षर नवी डिस्क घेई, जुना डी सरकून ई होई आणि सीडी आणखी पुढे जाई. एकही फाइल हललेली नसताना डी वर बसवलेले सगळे खेळ एकदम बंद पडत. सीडी आत असतानाही 'सीडी घाला' अशी मागणी होई.

आजचे विंडोज दिलेले अक्षर लक्षात ठेवते. पण डिस्क दुसऱ्या संगणकात गेली की तो संगणक आपल्या यादीतले मोकळे अक्षर देतो. जुन्या संगणकात डी असलेली डिस्क येथे एफ झाली, तर खेळाच्या नोंदींतले डी ने सुरू होणारे सर्व पत्ते चुकतात. 'डिस्क मॅनेजमेंट' मध्ये जाऊन तिला पुन्हा डी हे अक्षर द्यावे. ते सीडी ड्राइव्हने घेतले असेल तर आधी त्याला दुसरे द्यावे. एवढ्या एका बदलाने पाच-दहा खेळ सुरू होऊ शकतात. सी या अक्षराला मात्र हात लावू नये. आणि जुन्या संगणकात ही डिस्क स्वतःच सी असेल, तर अक्षराचा उपाय चालणार नाही. सी ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता आता या संगणकाच्या सी कडे जाणार, आणि तेथे तो खेळ नाही.

पुष्कळदा बिघाड याहूनही लहान असतो. डेस्कटॉपवरचे चिन्ह म्हणजे खेळ नव्हे, ती नुसती खूण आहे. खेळाच्या फोल्डरात शिरून मूळ कार्यक्रमावरच क्लिक करून पाहावे. तो चालला तर फक्त खूण नव्याने करायची.

खेळ एका ठिकाणी राहत नाही

'प्रिन्स ऑफ पर्शिया' ज्यांनी डॉसवर खेळला आहे, त्यांना आठवत असेल, की त्याचे फोल्डर फ्लॉपीवरून कुठेही उतरवले की तो चाले. खेळाचे सगळे बिऱ्हाड एकाच खोलीत होते. विंडोजवरच्या खेळांचे तसे नाही. इन्स्टॉल करताना तुम्ही डी निवडला, तरी मोठा भाग तेवढाच डी वर जातो. खेळ कुठे आहे याची नोंद रजिस्ट्रीत होते, आणि रजिस्ट्री विंडोजबरोबर सी वर असते. चित्रे आणि आवाज यांसाठी लागणारे डायरेक्टएक्सचे भाग, किंवा अनेक कार्यक्रमांना सामाईक असलेली 'व्हिज्युअल सी++' ची डीएलएल संकलने विंडोजच्या फोल्डरात जातात. खेळाडूने कितवी पायरी गाठली, हे बहुधा 'डॉक्युमेंट्स' किंवा 'ॲपडेटा' मध्ये लिहिले जाते. तेही नेहमीप्रमाणे सी वरच.

आता डिस्क हलवल्यावर काय झाले ते स्पष्ट होईल. घरातले सामान आले, पण वीजजोड आणि नळजोड जुन्या गावीच राहिले. अमुक डीएलएल सापडत नाही असा संदेश आला, तर ती एकटी फाइल कुठून तरी मिळवून फोल्डरात टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. अनोळखी ठिकाणची डीएलएल म्हणजे अनोळखी माणसाने दिलेली गोळी आहे. मायक्रोसॉफ्टचे मूळ संकलन बसवावे, किंवा खेळच पुन्हा इन्स्टॉल करावा. वरच्या प्रयोगात सी वर खेळ नव्याने बसवण्यास सांगितले, नुसती नक्कल करण्यास नाही, ते याचसाठी. पुन्हा इन्स्टॉल करण्यापूर्वी जुन्या डिस्कवरच्या जतन केलेल्या डावांची प्रत काढून ठेवली, तर मुलांचा विरस होणार नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. डी वर शेकडो गिगाबाइट मोकळे असले आणि सी काठोकाठ भरला असला, तरी डी वरचा खेळ अडू शकतो. त्याला डाव लिहायला आणि तात्पुरत्या फाइली ठेवायला जागा सी वरच हवी असते. डी ची तपासणी करताना सी कडे पाहायचे सहसा कोणाला सुचत नाही.

२००३ मध्ये सुरू झालेल्या 'स्टीम' सारख्या वितरण व्यवस्थेतून घेतलेले खेळ असतील, तर काम सोपे आहे. स्टीमला दुसऱ्या ड्राइव्हवरचे फोल्डर 'लायब्ररी' म्हणून दाखवले की ते त्यातले खेळ ओळखते. त्यात फाइली पडताळून पाहण्याचीही सोय आहे. प्रत्येक फाइलवरून गणिताने एक आकडा काढायचा आणि मूळ आकड्याशी ताडायचा. जुळला नाही तर तेवढाच भाग पुन्हा उतरवून घ्यायचा. गुणपत्रिकेतली बेरीज तपासून एखादा खाडाखोड केलेला गुण पकडावा, त्यातलाच हा प्रकार, फक्त फार कडक.

परवानगी आणि फाइलींची मांडणी

एनटीएफएस पद्धतीने मांडलेल्या डिस्कवर प्रत्येक फाइलचा मालक नोंदलेला असतो. ही नोंद नावाने नसून विंडोजने दिलेल्या लांबलचक ओळख-क्रमांकाने असते. दोन्ही संगणकांवर खात्याचे नाव 'शिक्षक' असले, तरी क्रमांक वेगळे. म्हणून जुन्या संगणकाच्या 'प्रोग्रॅम फाइल्स' मधला खेळ नव्या संगणकावर परवानगी नाकारतो. एकदा 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालवून पाहावे. चालला तर कारण सापडले. मग फक्त त्या फोल्डरची मालकी बदलावी. खेळ रोज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवण्याची सवय आम्हाला पसंत नाही. शाळेच्या संगणकावर तर मुळीच नाही.

पेन ड्राइव्हवर किंवा जुन्या बाह्य डिस्कवर फॅट-३२ ही मांडणी आढळते. तिच्यात फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे. म्हणजे सर्वांत मोठी फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांची, चार गिगाबाइटला एक बाइट कमी. आजच्या मोठ्या खेळातली एखादी फाइल याहून मोठी असली तर तिची नक्कल होत नाही. तो संदेश नजरेआड झाला, की बाकीचा खेळ आलेला दिसतो आणि चालत मात्र नाही.

डिस्क जोडताच विंडोज 'वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करावे लागेल' असे सांगते, तो क्षण सर्वांत धोक्याचा. या वाक्याचा खरा अर्थ 'मला ही मांडणी ओळखता येत नाही' एवढाच आहे. लिनक्सवर वापरलेली ठणठणीत डिस्क विंडोजला जोडली, तरी हाच प्रश्न येऊ शकतो. 'नाही' म्हणावे आणि ती डिस्क लिनक्सच्या संगणकावर उघडून पाहावी.

वीज आणि वेग

बाह्य डिस्क असेल तर भौतिकशास्त्राकडे वळावे. यूएसबी २.० च्या खाचेतून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॅट एवढीच शक्ती मिळते. फिरणाऱ्या डिस्कच्या मोटारीला सुरू होताना सर्वाधिक प्रवाह लागतो. तो कमी पडला, की टक् टक् आवाज येतो, ड्राइव्ह दिसतो आणि नाहीसा होतो, खेळ मध्येच गोठतो. लांब जोडतार काढून संगणकाच्या मागच्या बाजूच्या खाचेत डिस्क लावावी. यूएसबी ३.० ची खाच असेल तर उत्तम. तेथे ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॅट मिळतात.

'चालत नाही' आणि 'सावकाश सुरू होतो' यांतही फरक करावा. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद घेते. हवा तो भाग टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, शिवाय टोक सरकण्याचा वेळ. विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचताना या मिलिसेकंदांचे मिनिट होते. फिरता भाग नसलेल्या एसएसडीला हेच काम दशांश मिलिसेकंदात जमते. २०२३ मध्ये आलेल्या 'स्टारफिल्ड' या खेळाच्या किमान गरजांतच एसएसडी लिहिलेली आहे. विद्यार्थ्यांना स्टॉपवॉच देऊन खेळ लागोपाठ दोनदा सुरू करायला सांगावे. दुसऱ्यांदा वेळ बहुधा कमी लागतो, कारण विंडोजने नुकतीच वाचलेली माहिती स्मृतीत धरून ठेवलेली असते.

चौकटींच्या प्रयोगात ड्राइव्हच दोषी ठरला, नक्कल करताना संगणक दर वेळी त्याच फाइलपाशी अडतो आहे, आवाजही वेगळा येतो आहे, असे असेल तर डिस्क खरोखरच शेवटच्या घटका मोजत आहे. मग खेळाचा नाद तेथेच सोडावा. आधी गुणपत्रके, मग छायाचित्रे, या क्रमाने जे निघेल ते दुसरीकडे उतरवून घ्यावे.

लिनक्सवर काय होते?

लिनक्समध्ये ड्राइव्हला अक्षर नसते. तो एखाद्या फोल्डराच्या जागी जोडला जातो. जोडताना 'यावरच्या फाइली वाचा, पण कार्यक्रम चालवू नका' असा नियम लावता येतो, आणि काही वेळा तो नकळत लागलेला असतो. खेळ होम फोल्डरात चालतो आणि दुसऱ्या ड्राइव्हवर परवानगी नाकारतो, तेव्हा प्रथम हा नियम पाहावा. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारे स्टीमचे 'प्रोटॉन' हे साधन खेळाला सी ड्राइव्हचा भास व्हावा म्हणून 'सी' आणि कोलन अशा नावाची खूण तयार करते. फाइलच्या नावात कोलन असणे विंडोजच्या नियमांत बसत नाही. म्हणून एनटीएफएस डिस्कवर ठेवलेले असे खेळ अडतात. लिनक्सच्याच पद्धतीने मांडलेल्या ड्राइव्हवर ते ठेवले तर ही अडचण येत नाही.

हीच युक्ती जुन्या खेळांना उपयोगी पडते. 'डॉसबॉक्स' हा मोफत कार्यक्रम आपण दाखवू ते फोल्डर सी म्हणून पुढे करतो. आपला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' डी वर असो वा एफ वर, त्याला तो सी वाटतो आणि खेळ सुरू होतो.