एका संख्येसाठी तीन वर्षांचे रविवार

३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक सुरू होती. प्रा. फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. त्यांनी २ चा ६७वा घात काढून त्यातून १ वजा केला. उत्तर आले १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मग शेजारी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार मांडला. उत्तर तेच! एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, असे सांगतात. हे दोन अवयव शोधायला त्यांना तीन वर्षांचे रविवार लागले होते म्हणे.

या २१ अंकी संख्येची कथा जुनी आहे. फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ मध्ये ती मूळ संख्या असल्याचे लिहिले. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच निःशेष भाग जात नाही. १८७६ मध्ये एद्वार ल्युका यांनी ते चूक ठरवले. गंमत अशी, की तिचा एकही अवयव त्यांना माहीत नव्हता.

हे कसे शक्य आहे? त्यांच्या पद्धतीचे आजचे रूप ३१ या संख्येवर करून पाहू. ३१ म्हणजे २ चा पाचवा घात वजा १. सुरुवात ४ पासून करायची. वर्ग करून २ वजा करायचे, ३१ ने भागून बाकी घ्यायची आणि पुन्हा तेच. ४ वरून १४ येतात. १४ वरून १९४, बाकी ८. ८ वरून ६२, बाकी शून्य. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तिसऱ्या पायरीवर शून्य आले, म्हणून ३१ मूळ संख्या. ६७ व्या घातासाठी अशा ६५ पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य येत नाही. संख्या मूळ नाही हे कळते. अवयव मात्र कळत नाहीत.

आज कोणतीही संख्या मूळ आहे की नाही, हे संगणक झटपट सांगतो. अशी खात्रीची जलद पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. अवयव पाडणे मात्र अजूनही अवघडच आहे. याच अवघडपणावर १९७७ मध्ये 'आरएसए' ही सांकेतिक पद्धत उभी राहिली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा आणि त्या दोन संख्या गुप्त ठेवायच्या. इंटरनेटवरील असंख्य व्यवहार अशा ६१७ अंकी संख्यांच्या भरवशावर चालतात. या पद्धतीच्या आव्हान-यादीतली २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, तीही अनेक संगणक एकत्र जुंपून.

मात्र अवयव पाडण्याची सोपी रीत असूच शकत नाही, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. उलट, पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे काम वेगाने करू शकेल, असे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. म्हणून नव्या कुलपांची तयारी आताच सुरू झाली आहे. कोल यांचे ते रविवार आजच्या संगणकाला डोळ्याची पापणी लवेपर्यंतही पुरत नाहीत. ६१७ अंकांचे कुलूप तेवढे अजून टिकून आहे.