पुस्तकातून भिंतीवर

क्रिकेटचे वेड असलेल्या माणसाने ‘विस्डेन’ हे पिवळ्या मुखपृष्ठाचे जाडजूड वार्षिक पाहिलेले नसले, तरी त्याबद्दल ऐकलेले असतेच. उंच टोप्या घातलेले दोन व्हिक्टोरियन गृहस्थ क्रिकेट खेळत आहेत, असे एक काळेपांढरे चित्र १९३८ पासून त्याच्या मुखपृष्ठावर आहे. अलीकडे छायाचित्राला जागा द्यावी लागल्याने ते लहान झाले, पण गेलेले नाही. एरिक रॅव्हिलियस या इंग्रज चित्रकाराने ते लाकडाच्या ठोकळ्यावर कोरले. पुढे दुसऱ्या महायुद्धात युद्धचित्रकार म्हणून काम करताना १९४२ साली आइसलँडजवळ त्याचे विमान बेपत्ता झाले. त्याची चित्रे आज ब्रिटनमधल्या मोठ्या कलादालनांत लागतात आणि लोक ती बघायला गर्दी करतात. मग क्रिकेटच्या वार्षिकावर छापलेले त्याचे चित्र ‘सजावट’ आणि दालनात लावलेले चित्र ‘कला’, असे म्हणायचे का? आजचे अनेक ब्रिटिश मुद्राचित्रकार (म्हणजे ठशावरून चित्रे छापणारे) आणि इलस्ट्रेटर दोन्हीकडे सारख्याच हक्काने वावरतात. माझ्या मते ते योग्यच आहे, कारण पुस्तक आणि भिंत यांच्यामधली रेघ कलेने कधी ओढलेली नव्हती. ती संस्थांनी ओढली.

ही रेघ कधी ओढली गेली, तेही सांगता येते. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ साली स्थापन झाली, तेव्हा चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुरचनाकार यांना पूर्ण सदस्यत्व मिळाले. ठसे कोरणाऱ्यांना मात्र ते नाकारले गेले; त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी सहसदस्यांचा एक कनिष्ठ वर्ग काढण्यात आला. हे लोक दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करतात, स्वतःचे काही निर्माण करत नाहीत, असा त्यामागचा विचार होता. रॉबर्ट स्ट्रेंज या नामांकित कोरीवकाराने त्याविरुद्ध पुस्तक लिहून दाद मागितली, पण कोरीवकार म्हणून पूर्ण सदस्यत्व मिळालेला पहिला माणूस, सॅम्युअल कझिन्स, थेट १८५५ साली उगवला. त्या काळातले बहुतेक कोरीवकार इतरांची तैलचित्रे तांब्यावर उतरवत, हे खरेच. पण त्याआधीच विल्यम होगार्थने स्वतः कल्पिलेल्या चित्रमालिका ताम्रपटावर कोरून विकल्या होत्या. त्यांच्या चोरट्या नकला बाजारात आल्या, तेव्हा त्याने इतर कलावंतांना बरोबर घेऊन संसदेकडे धाव घेतली आणि १७३५ चा कायदा झाला. या कायद्याने कोरीवकाराला आपल्या चित्रावर चौदा वर्षे हक्क दिला. म्हणजे संसदेने ज्याला निर्माता म्हणून मान्यता दिली, त्याला अकॅडमीने तीनच दशकांनी दुय्यम ठरवले.

चित्र पुस्तकात का गेले, याचे कारणही तंत्रात आहे. त्यात चित्राच्या कमीपणाचा काही संबंध नाही. तांब्यावर कोरलेले चित्र छापताना शाई खोल रेषांतून वर खेचावी लागते, त्यासाठी वेगळे यंत्र आणि प्रचंड दाब लागतो, म्हणून ते मजकुरापासून वेगळ्या पानावर येई. न्यूकॅसलच्या थॉमस ब्यूइकने बॉक्सवुड या अतिशय घट्ट लाकडाचा आडवा काप घेतला, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत केला आणि त्यावर धातू कोरण्याच्या अवजाराने बारीक रेषा काढल्या. हा ठोकळा छपाईच्या खिळ्यांएवढ्याच उंचीचा केला की अक्षरे आणि चित्र एकाच दाबात, एकाच पानावर उमटत. त्याच्या ब्रिटिश पक्ष्यांवरच्या ग्रंथाचा पहिला भाग १७९७ साली आला. त्यातल्या पक्ष्याच्या पिसांची दिशा आजही बोटाने अजमावावीशी वाटते. पुढे एकोणिसाव्या शतकात वर्तमानपत्रांनी ही कला अक्षरशः राबवून घेतली आणि शतकाच्या अखेरीस कॅमेऱ्यावरून ठसे तयार होऊ लागल्यावर तिचे काम काढून घेतले. ही कला तेव्हा संपायला हवी होती. झाले उलटेच. नक्कल करण्याचे ओझे कॅमेऱ्याने उचलले आणि ठसा चित्रकाराच्या हातात मोकळा झाला. १९२० साली लाकडी कोरीवकारांची स्वतंत्र संस्था निघाली. १९२९ मध्ये लंडनच्या रेडफर्न गॅलरीत ब्रिटिश लिनोकटचे पहिले प्रदर्शन भरले. लिनोलियम म्हणजे जवसाचे तेल आणि बुचाची भुकटी यांपासून केलेले, जमिनीवर अंथरायचे साहित्य. त्यावरची कोरणी गॅलरीत पोचली होती.

आजच्या पिढीचे काम याच वाटेवर चालते. रटलंड परगण्यात राहणाऱ्या अँजेला हार्डिंग यांचे चित्र ‘द सॉल्ट पाथ’ या २०१८ च्या गाजलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे, आणि त्यांची मुद्राचित्रे यॉर्कशर स्कल्प्चर पार्कसारख्या ठिकाणी प्रदर्शनात लागतात. मार्क हेअर्ल्ड मुलांसाठी निसर्गाची पुस्तके चितारतात आणि यॉर्क आर्ट गॅलरी २०१५ मध्ये नव्याने उघडली, तेव्हा तिथल्या संग्रहातल्या वस्तूंचे एक दालन त्यांनीच मांडले. क्रिस वॉर्मेल यांनी ‘एच इज फॉर हॉक’चे मुखपृष्ठ केले. आता हार्डिंग यांचे एखादे मुद्राचित्र जवळून पाहावे. काळी आकृती लिनो किंवा विनाइलच्या ठशाची असते, तर रंग बहुधा सिल्कस्क्रीनने आधी दिलेले असतात. पक्ष्याच्या छातीवरची प्रत्येक पांढरी रेघ म्हणजे हत्याराने उचलून टाकलेला भाग. एकदा गेला तो गेला. काळ्या शाईचा थर कागदावर किंचित उंच बसतो, आणि बाजूने प्रकाश पडला की त्याच्या कडा दिसतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हे सगळे सपाट होऊन जाते. मुखपृष्ठावर चित्राची कल्पना पोचते, तिचे शरीर पोचत नाही. गॅलरीची गरज आहे ती यासाठी, पुस्तकातल्या चित्राला ‘वरचा दर्जा’ देण्यासाठी नव्हे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ज्याच्या पंच्याहत्तर प्रती निघतात, त्याला अस्सल कसे म्हणावे? मुद्राचित्रकाराचे उत्तर कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेले असते. डावीकडे १२/७५ अशासारखा आकडा, उजवीकडे सही. याचा अर्थ, एकूण पंच्याहत्तर छापांपैकी ही बारावी आणि याहून अधिक निघणार नाहीत. या पंच्याहत्तर प्रतींच्या मागे दुसरे कुठले ‘खरे’ चित्र दडवून ठेवलेले नसते. ठसा उलटा असतो, त्यावर शाईचे डाग असतात, आणि चित्र म्हणून पाहायची वस्तू म्हणजे छापच. आक्षेपाची धार खरी लागते ती दुसरीकडे. जलरंगातले किंवा संगणकावरचे चित्र चांगल्या इंकजेट यंत्रावर छापायचे, त्याला जिक्ले हे भारदस्त नाव द्यायचे, त्यावरही आकडा आणि सही घालायची, ही रीत आता सर्रास झाली आहे. तिथे ठसा नाही आणि हाताने शाई लावणेही नाही. आकडा फक्त कृत्रिम टंचाई निर्माण करतो. घरात लावायला असे पुनर्मुद्रण घेण्यात गैर काहीच नाही. पण ते लिनोकटच्या शेजारी, त्याच शब्दांत वर्णन करून, त्याच भिंतीवर विकणे म्हणजे खरेदी करणाऱ्याची फसवणूक आहे, आणि ती गॅलऱ्यांनी थांबवायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ससे, घुबडे, समुद्रकाठची वाळलेली बोंडे, जुनी चहाची भांडी: हे सगळे गोड, घरगुती, हरवलेल्या इंग्लंडबद्दल हळहळणारे आहे, अशी टीका होते. काही कामांना ती लागू पडते, हे मान्य केले पाहिजे. परंतु निसर्ग आला की गोडवा आलाच, असे नाही. २०२४ मध्ये निधन पावलेल्या नॉर्मन अ‍ॅक्रॉइड यांनी ब्रिटिश बेटांच्या कडाकपारी अ‍ॅक्वाटिंटमध्ये कोरल्या. राळेची पूड आणि आम्ल यांच्या खेळातून आलेले ते पाऊसधुके पाहणाऱ्याला जवळ घेत नाही. पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पॉला रेगो यांनी १९८९ मध्ये इंग्रजी बालगीतांवर एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या चित्रांची, मालिका केली. विषय पूर्णपणे इलस्ट्रेटरचा, पण त्यातले प्राणी आणि मुली पाहून मोठ्या माणसाच्याही अंगावर काटा येतो. पोर्तुगालमध्ये गर्भपाताला कायदेशीर मान्यता देण्याचा प्रस्ताव १९९८ च्या सार्वमतात फेटाळला गेला, तेव्हा चोरून गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रियांची चित्रे त्यांनी आधी पेस्टलमध्ये काढली आणि मग त्याच विषयावर एचिंगही केले, कारण छाप अनेक ठिकाणी एकाच वेळी पोचू शकते. अनेक प्रती निघणे हा जर दोष असेल, तर या चित्रांनी त्याच दोषाचे बळ वापरले. लिव्हरपूलजवळ पंजाबी कुटुंबात जन्मलेल्या चिला कुमारी बर्मन यांचे शिक्षण स्लेड या कलाशाळेत मुद्राचित्रणाचे. २०२० च्या दिवाळीत त्यांनी टेट ब्रिटनचा दर्शनी भाग छापील विनाइल आणि निऑनने झाकला, आणि त्या झगमगाटात झाशीची राणी लक्ष्मीबाई होती. साम्राज्याच्या राजधानीतल्या राष्ट्रीय कलादालनाच्या दारावर तिला उभे करणारी कलावंत ठशांच्या कार्यशाळेतून आली, याची नोंद आपल्याकडे घ्यायला हवी होती.

उरतो पैशाचा प्रश्न. क्लॉड फ्लाइट या शिक्षकाने १९२० च्या दशकात लिनोकटचा प्रचार केला, तेव्हा सिनेमाचे तिकीट किंवा बियरचा पेला ज्या दरात मिळतो त्या दरात चित्र मिळावे, अशी त्याची इच्छा होती. त्याच्या शिष्या सिबिल अँड्र्यूज यांचे लिनोकट आता लिलावात हजारो पौंडांना जातात. गॅलरीत आले की स्वस्त कला महाग होते, हा आरोप म्हणून खोटा नाही. तरी त्यात अर्धेच सत्य आहे, कारण मृत कलावंताच्या दुर्मीळ प्रतींचा भाव आणि आज हयात असलेल्या कलावंताच्या कामाचा भाव यांत मोठे अंतर आहे. आजचे बरेचसे लिनोकट काही शे पौंडांत मिळतात. शिवाय ब्रिटनमध्ये स्वस्त वाटाही जाणीवपूर्वक खुल्या ठेवल्या गेल्या. १९४६ पासून ‘स्कूल प्रिंट्स’ या उपक्रमाने नामवंतांचे लिथोग्राफ शाळांच्या भिंतींवर पोचवले, आणि वेकफिल्डच्या हेपवर्थ गॅलरीने २०१८ मध्ये तो पुन्हा सुरू केला. १९६७ साली निघालेल्या एडिनबरो प्रिंटमेकर्सने छपाईयंत्रे कुणालाही शुल्क देऊन वापरता येतील अशी सोय केली. २०१९ पासून त्यांची कार्यशाळा आणि प्रदर्शन-दालन जुन्या रबर कारखान्याच्या एकाच इमारतीत आहे. शाई लावणारी माणसे आणि भिंतीवर लागलेली चित्रे यांच्यात जिथे एवढेच अंतर आहे, तिथे पाहणाऱ्याला किंमत कशाची आहे हे समजायला वेळ लागत नाही. इतर दालनांनी निदान चित्राखालच्या पाटीवर पद्धत, ठशांची संख्या, छापणाऱ्या कार्यशाळेचे नाव आणि प्रतींचा आकडा लिहावा, आणि जवळच्या काचपेटीत ठसा आणि ज्या पुस्तकासाठी तो कोरला ते पुस्तक, दोन्ही ठेवावीत.