कडेवरचे मूल आणि पाळणाघर



पनवेलला लागून असलेले सुकापूर घ्या. जिथे पूर्वी शेते होती तिथे आता सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतून सकाळी निघणारी पुष्कळशी माणसे पनवेल स्थानकाची वाट धरतात. मुंबईचे मुख्य स्थानक तेथून गाडीने तासाभराहून अधिक लांब. आजी-आजोबा बहुधा गावी. अशा घरातले सव्वा-दीड वर्षाचे मूल दिवसाचे नऊ-दहा तास कोणाच्या हाती असते, आणि त्या हातांनी काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मूल पाळणाघरात ठेवावयास आलेले आईबाप प्रथम काय विचारतात? अक्षरे केव्हा शिकविता, इंग्रजी बोलता की नाही, भिंतीवर तक्ते आहेत ना? प्रश्न प्रेमापोटीचे आहेत हे खरे. परंतु ते दोन वर्षे आधी विचारलेले आहेत. यात पालकांचा दोष मी मानीत नाही. आपल्याकडील बालशिक्षणाचा विचारच मुख्यतः अडीच-तीन वर्षांपुढच्या मुलांचा झाला. मारिया माँटेसोरी यांनी 1907 साली रोममध्ये उघडलेले बालगृह त्याच वयाच्या मुलांचे होते. 1975 साली सरकारने अंगणवाडीची योजना सुरू केली, तीतही शिकणे ठेवले ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याहून लहानांच्या वाट्याला पूरक आहार, वजन आणि लसीकरण यांची व्यवस्था आली. तीन वर्षांखालील मूल घरचेच, असे त्यामागील गृहीत. घरी कोणी नसले तर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न महाराष्ट्रात एका ठिकाणी मात्र फार पूर्वी धीटपणे हाताळला गेला. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या साथीला आल्या. शाळेपर्यंत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या वस्तीतील अंगणात न्यावयाची, ही अंगणवाडीची कल्पना तेथलीच. पुढे 1957 मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. तेथे एक अडचण उभी राहिली. आईबाप मजुरीला गेले की सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. ती शाळेत यावी कशी? ताराबाईंनी मुलीला दटावले नाही की भावंडाला परत पाठविले नाही. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आली. पाळणाघर म्हणजे कोणाची तरी सोय असे नव्हे, तर ते शिक्षणाचेच पहिले दालन होय, हे त्या रचनेत मान्य झालेले आहे. कोसबाडची वारली आई आणि सुकापूरची नोकरदार आई यांच्यात अंतर पुष्कळ आहे. कडेवरच्या मुलाचा प्रश्न मात्र दोघींचा एकच.

आता या दालनात शिकवावयाचे काय? एक ते तीन वर्षांचे मूल बसून धडा घेत नाही. त्याचे धडे म्हणजे जेवण, लंगोट बदलणे, हात धुणे, झोपणे. हंगेरीतील बालवैद्य एमी पिक्लर यांनी महायुद्धानंतर, 1946 साली, बुडापेस्ट येथे अनाथ शिशूंचे एक गृह चालविण्यास घेतले. तेथे मुलाला उचलण्यापूर्वी त्याला सांगावयाचे, झबल्यात हात घालावयाचा तर तो त्याने पुढे करीपर्यंत थांबावयाचे, असा दंडक होता. हे आपल्याकडे करावयास काय हवे? फारसे काही नाही. ‘आता मी तुझा लंगोट बदलणार हं, पाय वर कर बघू,’ असे ताई म्हणते. मूल पाय वर करते. त्या दोन मिनिटांत भाषा आली, शरीराची ओळख आली, आणि आपले म्हणणे कोणी ऐकते हा विश्वासही आला. तीच ताई मुकाट्याने दहा लंगोट भराभर बदलीत गेली तर काम होते, धडा बुडतो. वाटीतला मऊ भात मुलाने स्वतःच्या हाताने खाल्ला तर निम्मा सांडेल. सांडू द्यावा.

भाषा घरचीच असावी. मराठी घरातल्या मुलाशी मोडक्या इंग्रजीत चार आज्ञार्थी शब्द बोलण्यापेक्षा मावशीने मराठीत भरभरून बोलावे. (आणि भिंतीवरचा दूरदर्शन संच बंद असावा, तो मुलाला उत्तर देत नाही.)

या वयाची मुले एकमेकांना चावतात. आई घाबरते, दुसऱ्या आईशी भांडण होते. पण ज्याच्यापाशी ‘माझे’, ‘दे’, ‘नको’ हे शब्द अजून नाहीत, त्याच्यापाशी दात आहेत. चावऱ्या मुलाला दुष्ट ठरवू नये. त्याला तो शब्द पुरवावा, आणि आवडीच्या वस्तू एकाऐवजी दोन-तीन ठेवाव्यात. ‘वाटून घे’ हा उपदेश दीड वर्षाच्या मुलाला कळत नाही.

हे सर्व हातांच्या संख्येवर अवलंबून आहे. केंद्र सरकारने 2018 साली कचेऱ्यांतील पाळणाघरांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सेविका सांगितली आहे. माझ्या मते ही संख्या जास्तच आहे; पाच-सहा मुले म्हणजे एका बाईच्या मायेचा आवाका. तेव्हा पाळणाघर पाहावयास जाल तेव्हा तक्ते पाहू नका. किती मुलांमागे किती बायका आहेत ते मोजा, आणि माझ्या मुलाची ताई उद्याही हीच असेल का, हे विचारा. तिचा पगार इतका तुटपुंजा असेल की ती दर दोन महिन्यांनी बदलते, तर मुलाला दर दोन महिन्यांनी एक आई हरवते.

निरोपाविषयी एक सांगतो. मूल खेळात गुंतले की मागच्या मागे सटकावयाचे, ही युक्ती सर्रास चालते. ती करू नये. एका वर्षाच्या आसपास ताटातुटीचे दुःख फार तीव्र असते. न सांगता गेलेली आई पुन्हा केव्हाही नाहीशी होईल, अशी धास्ती मुलाला बसते व ते दिवसभर दाराकडे पाहत राहते. सांगून जावे. रडेल, ताई त्याला कडेवर घेईल. पहिला आठवडा तास-दोन तासच ठेवावे, आईने जवळ बसावे. आईचे एखादे जुने दुपटे बरोबर द्यावे.

आणि संध्याकाळी दिवसभर हसत असलेले मूल तुम्हाला पाहताच ओठ काढून रडू लागले, तर पाळणाघरात त्याचे हाल झाले असे लगेच समजू नका. दिवसभर आवरून धरलेले रडे त्याने आपल्या माणसासाठी राखून ठेवलेले असते. चपला काढा, तिथेच खाली बसा, आणि ते पुरते होऊ द्या. गाडीची दगदग झालेली असली तरी दहा मिनिटे थांबता येते.