टोपी काढा, टाळी वाजवा, वाटी संपवा!

फिजीत बेटं 330हून जास्त, पण माणसांची वस्ती त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश बेटांवर. मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून छान वारा सुटतो आणि शिडाच्या बोटी बेटांमधून हिंडू लागतात. पण नांगर टाकला की लगेच पाण्यात सूर मारायचा नाही हं! आधी ही उजळणी करा.

समुद्रालाही सातबारा
किनाऱ्यापासून प्रवाळाच्या कड्यापर्यंतचं पाणी रिकामं दिसलं, तरी तिथे मासेमारीचा वडिलोपार्जित हक्क कुठल्या ना कुठल्या कुळाचा असतो. असे सुमारे 400 पट्टे नोंदलेले आहेत. म्हणजे तुमचा नांगर पडला तो कुणाच्या तरी अंगणात. तेव्हा आधी गावात जाऊन विचारायचं, 'आलोय, थांबू का?'

आहेर मुळ्यांचा
हे विचारायची रीत म्हणजे 'सेवुसेवु'. बाजारातून यांगोनाच्या वाळक्या मुळ्यांची अर्धा किलोची जुडी घ्यायची. ती बहुधा वर्तमानपत्रात गुंडाळून, फितीने बांधूनच मिळते. गावचा कारभारी तुम्हाला प्रमुखाकडे नेतो. मांडी घालून बसा आणि जुडी त्यांच्या हातात न देता पुढ्यातल्या चटईवर ठेवा. त्यांनी ती उचलली की झालात तुम्ही गावचे पाहुणे!

विड्याच्या पानाची चुलत बहीण
यांगोना, नागवेल आणि काळी मिरी एकाच कुळातल्या. पण चवीची अपेक्षा ठेवू नका. मुळ्यांची पूड पाण्यात कालवून गाळली की मातकट, गढूळ पेय तयार होतं. यात दारूचा थेंब नसतो, तरी ओठ आणि जीभ बधिर होतात.

भरती की ओहोटी?
लाकडी परातीतून पेय करवंटीच्या वाटीत येतं. भरून हवं असेल तर 'भरती' म्हणा, अर्धीच हवी असेल तर 'ओहोटी'. तळवे पोकळ करून एक टाळी, वाटी एका दमात रिकामी, मग तीन टाळ्या. सगळे ओरडतात, 'माधा!' म्हणजे संपली!

नदी नव्हे, नांदी
विमानतळाच्या गावाचं नाव इंग्रजी पाटीवर 'नदी' असं दिसतं, म्हणायचं मात्र 'नांदी'. फिजीयन लिपीत 'डी'च्या पोटात 'न' दडलेला असतो, 'बी'च्या पोटात 'म', आणि 'सी'चा उच्चार 'ध'च्या जवळ जातो. एका ध्वनीला एकच अक्षर, हा 1835 मध्ये आलेल्या मिशनऱ्यांचा हिशेब. नाटक असो की फिजीची सफर, सुरुवात नांदीनेच!

डोक्याला हात नको
गावात टोपी आणि गॉगल काढायचे, खांदे झाकायचे. कुणाच्या डोक्याला हात लावणं तर महापाप. 1867 मध्ये मिशनरी थॉमस बेकर डोंगरातल्या एका गावात मारले गेले. त्यांनी प्रमुखाच्या केसांतला कंगवा काढला, अशी दंतकथा आहे. 2003 मध्ये त्या गावाने बेकर यांच्या वंशजांची विधिवत माफी मागितली. बेकर यांच्या जोड्याचा तळवा आजही राजधानी सुव्याच्या संग्रहालयात आहे.

लोकलसारखी होडी
'द्रुआ' ही फिजीची जुनी जोडहोडी. दोन सांगाडे, एक लहान, एक मोठा. लहान सांगाडा कायम वाऱ्याच्या बाजूला हवा, म्हणून दिशा बदलताना होडी वळवतच नाहीत. शिडाचं टोक उचलून दुसऱ्या टोकाला नेतात, की मागचं पुढे आणि पुढचं मागे! चर्चगेटला लोकल तरी कुठे वळते? मोटरमनच दुसऱ्या टोकाला जातो.

जाता जाता
निरोपाचा शब्द आहे 'मोधे'. झोपेलाही हाच शब्द. भरतीच्या चार वाट्या झाल्या असतील, तर तुम्ही नेमकं काय म्हणताय ते गावाला बरोबर कळतं.