आळीपाळीची फुरसत

मंडळी, फुरसत म्हणजे काम नसणे, असे आपण समजतो. पण घरात एकाची फुरसत बहुधा दुसऱ्याच्या कामावर उभी असते. वडील पारावर, मुले नदीवर आणि आई स्वयंपाकघरात! मग सारे घर मिळून आनंद घेणार कधी?

सातारा जिल्ह्यातले वाई पाहा. कृष्णाकाठचे लहानसे गाव. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली येथे ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून त्याची मागची बाजू माशाच्या आकाराची केली. तिथला घाट म्हणजे गावाचे अंगणच. बसायला तिकीट नाही, जायला गाडीभाडे नाही.

थंडीत या गावात कृष्णामाईचे उत्सव सुरू होतात. गंमत अशी, की सगळ्या घाटांचे उत्सव एकदम होत नाहीत. एका आळीचा आटोपला, की दुसरीचा. त्यामुळे आज राबणारी आळी उद्या पाहुणी होऊन निवांत कीर्तन ऐकते.

हीच रीत घरात आणावी. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा. त्या दिवशी पिठलंभात बापलेकांनी करावा, भांडीही त्यांनीच घासावीत. मग सगळ्यांनी मिळून नदीवर, देवळात, नाहीतर नुसते माळावर जावे.

गुरुजींनी वर्गात एकदा सहज विचारून पाहावे, ‘काल संध्याकाळी तुमची आई कुठे होती?’ सगळी मुले ‘स्वयंपाकघरात’ म्हणाली, तर त्या गावाला अजून फुरसत मिळालेली नाही, असे खुशाल समजावे.