कोळ्याच्या धाग्यावर ४०० मीटर

कट्.

रायफलवरच्या दुर्बिणीची वरची फिरकी एक घर फिरवली की एवढाच आवाज होतो. दबका आणि ठाम. या एका ‘क्लिक’ने नेम किती हलला, ते बहुतेक वेळा फिरकीवरच कोरलेलं असतं: १०० मीटरवर १ सेंटीमीटर. म्हणजे ४०० मीटरवर ४ सेंटीमीटर. इथपर्यंत ठीक. पण मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. बाहेर एवढं हललं, तर दुर्बिणीच्या पोटात किती हललं असेल?

हिशेब शाळेतल्या समरूप त्रिकोणांचाच आहे. पुढचं भिंग दूरच्या वस्तूचं चित्र आपल्यामागे साधारण २० सेंटीमीटरवर उमटवतं असं धरू. बाहेर १०० मीटरवरचा १ सेंटीमीटर त्या इवल्या चित्रात ०.०२ मिलिमीटर भरतो. आपल्या डोक्याचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो. त्या ‘कट्’मध्ये आत जे काही सरकलं ते केसाच्या पाव जाडीएवढं! आता उलटीकडून पाहा. फिरकीने हवं तेवढंच सरकवता येणारी ही रचना जर स्वतःहून, कुणी न सांगता, एका पूर्ण केसाएवढी घसरली तर? ४०० मीटरवर गोळी १५ सेंटीमीटर बाजूला जाईल.

हे १५ सेंटीमीटर कुठे मोजायचे, तर अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या माळावर. गुडघाभर उंचीची सेजब्रशची राखाडी झुडपं, आडोशाला एक झाड नाही, आणि त्यात चरणारा प्राँगहॉर्न. दिसायला हरिण, पण हरणांच्या कुळातला नाही. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने पळणारा आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या टपोऱ्या डोळ्यांनी अख्खा माळ नजरेत ठेवणारा. त्याच्या जवळ जायचं तर पोटावर सरपटत, काटे सोसत जावं लागतं. म्हणून तिथले शिकारी लांबून नेम धरतात. त्याचं काळीज आणि फुप्फुसं यांची जागा मिळून साधारण एखाद्या लहान ताटलीएवढी, वीसेक सेंटीमीटरची. ताटलीच्या मध्यावर नेम धरला आणि गोळी १५ सेंटीमीटर हुकली, तर ती ताटलीबाहेर लागली. म्हणजे जनावर मरत नाही, जखमी होऊन मैलोन्मैल पळत राहतं. लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी भरवशाची दुर्बीण कोणती, या प्रश्नाच्या मुळाशी हा एक केस आहे.

आणि त्या केसाच्या मुळाशी आहे एक कोळी.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये विल्यम गॅस्कॉइन नावाचा तरुण १६४०च्या आसपास भिंगांशी खेळत होता. त्याच्याकडची दुर्बीण केपलरने १६११ साली मांडलेल्या धर्तीची होती: पुढे बहिर्गोल भिंग, डोळ्याशीही बहिर्गोल भिंग. उघड्या पडलेल्या नळीत एका कोळ्याने धागा ताणला. गॅस्कॉइनने डोळा लावला तर दूरचं दृश्य आणि तो धागा दोन्ही एकाच वेळी लख्ख दिसले. नवल असं की डोळ्याजवळची वस्तू आणि कोसभर लांबची वस्तू आपल्याला एकाच वेळी कधीच स्पष्ट दिसत नाही. हातातली सुई पाहिली की खिडकीबाहेरचं झाड धूसर होतं. इथे मात्र कोळी नेमका त्या जागी बसला होता जिथे पुढचं भिंग आकाशाचं चित्र हवेत उमटवतं. धागा त्या चित्रातच काढलेल्या रेघेसारखा झाला होता. गॅलिलिओच्या घडणीच्या दुर्बिणीत हे घडलंच नसतं, कारण तिच्या नळीत असं चित्र तयारच होत नाही.

गॅस्कॉइनला इशारा कळला. दुर्बीण इतके दिवस फक्त ‘पाहत’ होती. ती आता ‘बोट दाखवू’ लागली. त्याने दुर्बिणीत मुद्दाम रेषा बसवल्या, त्या हलवायला बारीक आट्यांचे स्क्रू लावले आणि आकाशातले कोन मोजले. १६४४ साली इंग्लंडच्या यादवीत, मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. वय अवघं बत्तीसच्या आसपास. आज रायफलवरच्या फिरकीत जो बारीक आट्यांचा स्क्रू फिरतो, तो त्याच घराण्यातला.

कोळ्यांची नोकरी पार विसाव्या शतकापर्यंत टिकली. धागा विलक्षण बारीक, सगळीकडे सारखा आणि ताणला की न झोळणारा. माणसाला तसा ओढता येईना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही कॅलिफोर्नियातल्या नॅन साँगर या बाई घरी कोळी पाळून त्यांचे धागे उपकरणं बनवणाऱ्यांना पुरवत होत्या. त्यात विषारी ‘ब्लॅक विडो’सुद्धा होती. आता रेषा काचेवर कोरतात किंवा बारीक तार वापरतात.

केपलरच्या दुर्बिणीत जग उलटं दिसतं. खगोलशास्त्रज्ञाला त्याचं सोयरसुतक नसतं. गुरू ग्रह उलटा काय नि सुलटा काय. पण पाय वर करून चरणाऱ्या प्राँगहॉर्नवर नेम धरणार कसा? म्हणून रायफलच्या दुर्बिणीत मधोमध आणखी एक छोटी नळी असते, चित्र पुन्हा सुलटं करणाऱ्या भिंगांची. सगळी मेख या नळीत आहे. तिचं एक टोक बिजागरीवर टेकवल्यासारखं धरलेलं, दुसऱ्या टोकाला वरून एक स्क्रू आणि बाजूने एक स्क्रू टेकलेला, आणि समोरून एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर दाबून धरते. फिरकी फिरवली की स्क्रू पुढे येतो, नळी किंचित कलते, आणि नेमाची जागा बदलते. उलट फिरवली की स्क्रू मागे जातो, आणि नळीने त्याच्या मागोमाग परत यायचं असतं. आणणार कोण? ती स्प्रिंग. महागड्या दुर्बिणीत आणि स्वस्त दुर्बिणीत कुठे फरक असतो असं विचाराल तर मी आधी त्या न दिसणाऱ्या स्प्रिंगकडे बोट दाखवीन, मग काचेकडे.

फिरवायचं कशासाठी? गोळी रायफलच्या नळीतून सुटताक्षणी पडायला लागते, हातातून सुटलेल्या पेरूसारखीच. सेकंदाला ८५० मीटर वेगाने निघालेल्या गोळीला ४०० मीटर गाठायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात ती जवळजवळ दीड मीटर खाली आलेली असते. म्हणून नळी आधीच किंचित वर रोखलेली असते आणि उरलेली तूट शिकारी क्लिक मोजून भरून काढतो. काम झालं की तितकेच क्लिक उलटे. ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच ठिकाणी जुळवण्याला नेमबाज ‘झिरो’ करणं म्हणतात. भरवशाची दुर्बीण शंभरदा जाऊन शंभरदा त्याच झिरोवर परत येते.

आता तिला काय सोसावं लागतं ते पाहा. १० ग्रॅमची गोळी ८५० मीटरच्या वेगाने पुढे, म्हणजे दुर्बिणीसकट ४ किलोची रायफल सेकंदाला २ मीटरहून अधिक वेगाने मागे. बारूदाच्या वायूचा धक्का तर मी धरलेलाच नाही. हा वेग तिला मिळतो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. भागाकार केला तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोनशेपट त्वरण येतं. ७०० ग्रॅमची दुर्बीण त्या क्षणी १४० किलोची होते! तिला रायफलला धरून ठेवणाऱ्या दोन कड्या, आतली भिंगं, ती नळी, ती स्प्रिंग, सगळ्यांनी हा झटका खायचा आणि पाव केसाएवढंही हलायचं नाही. पुढच्या गोळीला पुन्हा तेच.

गंमत म्हणजे दुर्बिणींचा कर्दनकाळ मोठी रायफल नसून स्प्रिंगवाली एअर रायफल असते. तिच्यातला जड दट्ट्या आधी सुटतो आणि मग टोकाला जाऊन आदळतो, त्यामुळे झटका मागे आणि लगेच पुढेही. मागच्या झटक्याच्या हिशेबाने घडवलेली चांगली दुर्बीणही त्यात खिळखिळी होऊ शकते.

केसाएवढ्या चुकीचं दुःख काय असतं हे आपल्याकडे एका माणसाला नेमकं ठाऊक होतं. विल्यम लँबटनने १८०२ साली मद्रासहून भारताची त्रिकोणी मोजणी सुरू केली. त्याचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून भिंतीवर आदळलं आणि त्याचं कोन मोजायचं वर्तुळ वाकलं. तो तंबूत बसला आणि सहा आठवडे पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून ते वर्तुळ केसाकेसाने जागेवर ओढत राहिला. त्याच उपकरणाने पुढे मोजणी उत्तरेकडे सरकत विदर्भात आली. १८२३ साली लँबटन वर्ध्याजवळच्या हिंगणघाटात वारला. त्याची कबर तिथेच आहे.

मोजणीची दुर्बीण आणि शिकारीची दुर्बीण यांचं नातं मी ओढूनताणून जोडत नाही. अमेरिकेत रायफलच्या दुर्बिणींसाठी नावाजलेली ल्युपोल्ड ही कंपनी १९०७ साली ऑरेगनमधल्या पोर्टलंडला सुरू झाली ती मोजणीची उपकरणं दुरुस्त करायला. तिथली गोष्ट अशी सांगतात की कुटुंबातल्या मार्कस ल्युपोल्डचं हरीण हुकलं, कारण ओल्या हवेत त्याच्या दुर्बिणीत आतून वाफ धरली होती. चिडून त्याने स्वतःच दुर्बीण बनवायला घेतली. हवा काढून आत कोरडा नायट्रोजन भरायचा आणि सगळे सांधे बंद करायचे, ही युक्ती तिथे १९४०च्या दशकात रुळली. आज ती सगळीकडे आहे. गार रात्रीतून गरम गाडीत आणलेला चष्मा आठवा म्हणजे या युक्तीची किंमत कळेल.

प्रकाशाचा हिशेबही असाच चक्रावणारा. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. ऐकायला किरकोळ. पण दुर्बिणीत असे सोळा पृष्ठभाग असतील तर पलीकडे पोचतो जेमतेम निम्मा. १९३५ साली जर्मनीतल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही पातळ थर चढवायची रीत काढली. थराच्या दोन बाजूंनी परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडून टाकतात. हे इतकं मोलाचं वाटलं की जर्मनीने ते लष्करी गुपित म्हणून दडवलं. जर्मनीत रानडुकराची शिकार तिन्हीसांजेला किंवा चांदण्यात होते, म्हणून तिथे ८ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ५६ मिलिमीटरचं असलेली दुर्बीण पिढ्यान्‌पिढ्या लाडकी आहे. ५६ भागिले ८ म्हणजे ७: डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत ७ मिलिमीटरचा. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते. वय वाढलं की बाहुली तेवढी उघडत नाही, आणि मग उरलेला प्रकाश बुबुळावर सांडतो. पन्नाशी उलटलेल्या गिऱ्हाइकाला हे दुकानदार सांगत असेल असं वाटत नाही.

निवडताना माणूस भुलतो तो ‘किती पट’ या आकड्याला. २४ पट मोठं दाखवणारी दुर्बीण हातात घेतली की दूरचं जनावर अंगणात आल्यासारखं वाटतं, पण त्याच्याबरोबर आपल्या छातीची धडधडही २४ पट होते, उन्हाने तापलेली हवा पाण्यासारखी हिंदकळताना दिसते, आणि नजरेची चौकट इतकी अरुंद होते की जनावर एक पाऊल सरकलं की शोधत बसा. ४०० मीटरपर्यंत ९-१० पट पुष्कळ झालं. आणखी एक पाहावं: डोळा जरा डावी-उजवीकडे हलवला तर रेषा जनावरावरून सरकते का? गाडीत डाव्या सीटवरून वेगाचा काटा पाहिला की तो भलत्याच आकड्यावर दिसतो, तसंच हे. चित्र आणि रेषा एका पातळीत नसल्याचं लक्षण. चांगल्या दुर्बिणीला हे जुळवायची वेगळी फिरकी असते. कड्या मात्र बेताने आवळाव्यात. सैल राहिल्या तर दुर्बीण सरकते, फार आवळल्या तर तिची नळीच चेपते आणि आतली नळी अडकते. महागडी दुर्बीण आणि फालतू कड्या हा जोड मला सोन्याची साखळी सुतळीत ओवल्यासारखा वाटतो.

आणि हे सगळं जमलं तरी वारा उरतोच. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा गोळीला ४०० मीटरवर फूटभर ढकलतो. जनावरही त्या अर्ध्या सेकंदात पाऊल उचलू शकतं. कुठलीही काच हे थांबवू शकत नाही. म्हणून अंतर परवडत नाही असं वाटलं की रायफल खाली ठेवणारा शिकारी मला जास्त जाणता वाटतो.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद झाली, ते बरंच झालं. आपले नेमबाज कागदाशी झुंजतात, तेही मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाशिवाय. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं ते एका बारीक भोकातून पाहत.

वायोमिंगचा शिकारी मात्र हंगामाआधी दुर्बिणीची परीक्षा घेतो, आणि ती मला या सगळ्यात सुंदर वाटते. १०० मीटरवर कागद लावायचा. मध्यावर एक गोळी. मग फिरकी वीस क्लिक वर, दुसरी गोळी. वीस क्लिक उजवीकडे, तिसरी. वीस खाली, चौथी. नेम मात्र प्रत्येक वेळी त्याच मध्यावर. कागदावर वीस सेंटीमीटरच्या चौकोनाचे चार कोपरे उमटतात. शेवटी वीस क्लिक डावीकडे, म्हणजे दुर्बिणीतली नळी जिथून निघाली तिथे परत, आणि पाचवी गोळी. तो चालत कागदापाशी जातो. भोकं चारच दिसतात. वाकून पाहिलं तर पहिलं भोक किंचित लांबट झालेलं असतं.